हेम्पचे स्वपरागण: पक्का न होणाऱ्या गुणामागे गेलेले दोन हंगाम

हे प्रकरण अमेरिकेच्या ओरेगन राज्यातल्या एका परवानाधारक हेम्प रोपवाटिकेचे आहे. ओळख पटू नये म्हणून ठिकाणाचे तपशील वगळले आहेत आणि सारख्याच स्वरूपाच्या एकाहून अधिक ठिकाणच्या गोष्टी यात एकत्र केल्या आहेत. आकडे त्यामुळे उदाहरणादाखल समजावेत. आनुवंशिकतेचा हिशोब मात्र जसा होता तसाच मांडला आहे.

पार्श्वभूमी

हेम्प आणि गांजा ही एकाच प्रजातीची झाडे. अमेरिकेत २०१८ च्या शेती कायद्याने कोरड्या वजनावर ०.३ टक्क्यांपर्यंत टीएचसी (नशा आणणारा घटक) असलेल्या झाडाला हेम्प ठरवले आणि सीबीडीसाठी (याच झाडातला, नशा न आणणारा घटक) फुलांची शेती खुली झाली. या शेतीला फक्त मादी झाडे लागतात. नर झाड राहिले की वाऱ्यावर पराग उडतो, फुलांत बी भरते आणि मालाचा भाव पडतो.

या रोपवाटिकेकडे एक नावाजलेले मातृरोप होते. त्याला इथे ‘म’ म्हणू. त्याची छाट कलमे विकणे हाच मुख्य धंदा. ‘म’ला मागणी होती ती लवकर येण्यासाठी. त्या अक्षांशावर बहुतेक हेम्प ऑगस्टच्या मध्याला फुलावर येतो आणि ऑक्टोबरमध्ये कापणीला येतो, म्हणजे नेमका शरदातल्या पावसात, बुरशीने कणसे सडण्याच्या दिवसांत. ‘म’ची कलमे जुलैअखेर फुलत आणि सप्टेंबरच्या मध्याला घरात येत.

कलमांच्या धंद्याला दोन गोष्टींनी घेरले. एक, खर्च: प्रत्येक कलम मुळे धरेपर्यंत जागा, वीज आणि माणसे खाते. दुसरी, हॉप लेटंट व्हायरॉइड, म्हणजे विषाणूहूनही साधा रोगजंतू. हा रोग कात्रीच्या पात्यावरून एका झाडातून दुसऱ्यात जातो आणि महिनोन्‌महिने लक्षण दाखवत नाही. मग एकदम झाडे खुरटतात, फुले हलकी भरतात. काही मातृरोपे तपासणीत बाधित निघाल्यावर मालकांनी ठरवले की आता बियाण्याकडे वळायचे. ‘म’चे स्वपरागण करायचे, सगळे बी मादीच मिळेल आणि गुण ‘म’चेच राहतील, असा त्यांचा हिशोब. यातले पहिले बरोबर होते.

स्वपरागण कसे केले

मादी झाडात दोन एक्स गुणसूत्रे असतात. त्याच झाडाला नर फुले आणायला लावली तर परागातही एक्सच येतो आणि बी मादी निघते. नर फुले आणण्यासाठी चांदीचा उपयोग होतो. चांदीचा आयन वनस्पतीतल्या इथिलीन या संप्रेरकाच्या ग्राहकावर (रिसेप्टरवर) बसतो, इथिलीनचा संदेश अडतो आणि मादी फुलाच्या जागी पुंकेसर येतात. नुसते सिल्व्हर नायट्रेट फवारले तर पाने जळतात. म्हणून ते सोडियम थायोसल्फेटबरोबर बांधून वापरतात. हे संयुग झाडात सहज फिरते.

रोपवाटिकेने वापरलेले प्रमाण असे: १.७ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट १०० मिलि डिस्टिल्ड पाण्यात (द्रावण अ). ९.९३ ग्रॅम सोडियम थायोसल्फेट पेंटाहायड्रेट ४०० मिलि डिस्टिल्ड पाण्यात (द्रावण ब). फवारणीच्या दिवशी ३० मिलि ‘अ’ हळूहळू १२० मिलि ‘ब’मध्ये ढवळत ओतायचे आणि ८५० मिलि डिस्टिल्ड पाणी घालून लिटर पुरा करायचा. हे ३ मिलिमोलर होते. थोडे स्टिकर (फवारा पानाला चिकटवणारे द्रव्य) घालायचे.

पहिली खेप वाया गेली, कारण पाणी नळाचे घेतले होते. त्यातल्या क्लोराइडने चांदी पांढरी फुटून खाली बसली. द्रावण दुधाळ किंवा काळपट दिसले की ते टाकायचे, गाळून वापरायचे नाही.

फवारणी तीनदा: झाडाला बारा तासांचा अंधार सुरू केला त्या दिवशी, मग सातव्या आणि चौदाव्या दिवशी, दर वेळी दिवे बंद होताना. तिसऱ्या आठवड्यात नर कळ्या दिसल्या, पाचव्यात पराग सुटला. पाने वळतात, पिवळी पडतात. ते अपेक्षित आहे. फवारलेले झाड आणि त्याचा पाला कोणत्याही वापरासाठी विकायचा नाही, उरलेले द्रावण मोरीत ओतायचे नाही. चांदीचा कचरा वेगळा जमा होतो.

एक निर्णय इथे चांगला झाला. एकाच झाडाची एक फांदी फवारून बाकीच्या फांद्यांवर बी धरायचे, ही सोपी पद्धत त्यांनी टाळली. चांदी फांदीपुरती थांबत नाही. शेजारच्या फांद्यांवरही अर्धवट नर फुले येतात आणि बी कमी भरते. त्याऐवजी ‘म’ची दोन कलमे घेतली, एक फवारून परागासाठी, दुसरे न फवारता बियासाठी. दोन्ही एकाच झाडाची नक्कल असल्याने आनुवंशिक दृष्ट्या हे स्वपरागणच.

सगळे काम डिसेंबर ते मार्चमध्ये, बंदिस्त तंबूत, बाहेर जाणाऱ्या हवेला गाळणी लावून केले. शेजाऱ्यांची शेते रिकामी असतानाच पराग उडवायचा, हा तिथला शहाणपणा. हेम्पचा पराग वाऱ्याने काही किलोमीटर जातो. पाण्याने तो मरतो, म्हणून काम झाल्यावर तंबू, भांडी, अंगावरचे कपडे सगळे धुवायचे.

बी परागणानंतर पाच-सहा आठवड्यांनी पिकले. उगवण उत्तम. रोपे तरतरीत. वसंतात एका शेतकऱ्याने या पहिल्या स्वपरागित पिढीची, म्हणजे एस-१ची, रोपे घेतली आणि जूनच्या सुरुवातीला लावली.

काय बिघडले

जुलैच्या पहिल्या आठवड्यात शेतकऱ्याचा निरोप आला की काही झाडे गुडघ्याएवढी असतानाच फुलली आहेत. दिवस अजून पंधरा तासांचे होते. अशा दिवसमानात हेम्पने फुलायचे नसते. जुलैअखेर दुसरा मोठा गट फुलला, अगदी ‘म’सारखा. उरलेली झाडे ऑगस्टच्या मध्यापर्यंत नुसती वाढत राहिली आणि बाकीच्यांच्या डोक्यावरून गेली. एकाच ओळीत तीन उंच्या, तीन वयाची फुले. त्यात काही झाडांवर मादी फुलांमध्ये पिवळे पुंकेसर डोकावले आणि आसपास बी धरले.

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे नमुना घेतल्यापासून ३० दिवसांत कापणी करावी लागते आणि टीएचसी ‘एकूण’ मोजतात: टीएचसी अधिक ०.८७७ गुणिले टीएचसीए (तापवल्यावर टीएचसी होणारे आम्ल). शेतकरी उशिराच्या झाडांसाठी थांबला. तोवर मधला गट पिकून पुढे गेला, आणि पहिला गट तर वाळायला लागला होता. एकत्रित नमुना मर्यादेच्या वर गेला. टीएचसी एक टक्क्याच्या आत असल्याने त्याच्यावर निष्काळजीपणाचा ठपका आला नाही आणि नियमाने दिलेली सवलत घेता आली: सगळे पीक कुट्टी करून एकजीव करायचे आणि पुन्हा तपासायचे. ते पास झाले. पण फुलांचा माल कुट्टीच्या भावाने गेला.

निदान

पहिला संशय भेसळीचा. दुसरा, तंबूत बाहेरचा पराग शिरल्याचा. दोन्ही तपासात टिकले नाहीत, कारण झाडे मोजल्यावर हिशोब फारच नीटस आला. एका पट्ट्यातल्या १२० झाडांत ३३ अगदी लवकरची, ५८ मधली, २९ उशिराची. हे १:२:१ आहे. भेसळ असे प्रमाण पाळत नाही.

दिवसमानाची पर्वा न करता वयानुसार फुलणे, म्हणजे ऑटोफ्लॉवर, हा गुण मुख्यतः एका अप्रभावी जनुकावर चालतो. दोन्ही प्रती तशा असतील (aa म्हणू) तरच झाड ऑटोफ्लॉवर होते. एकच प्रत असेल (Aa) तर झाड दिवसमान पाळते, पण नेहमीपेक्षा काही आठवडे लवकर फुलते. ‘म’ हे Aa होते. अशा झाडाचे स्वपरागण केले की aa, Aa आणि AA (उशिराची) ही १:२:१ निघतात. त्याच्या पूर्वजांत कुठेतरी ऑटोफ्लॉवर मिसळलेले होते आणि रोपवाटिकेने ते निवडले ते नेमके त्याच्या लवकरपणासाठी.

म्हणजे ज्या गुणासाठी स्वपरागण केले, तो गुण दोन वेगळ्या प्रती एकत्र असण्यातून येत होता. स्वपरागण नेमके तेच मोडते. दर पिढीला विषमयुग्मी, म्हणजे दोन वेगळ्या प्रतींच्या, जागा निम्म्या होतात: एस-१मध्ये ५० टक्के, एस-२मध्ये २५, एस-३मध्ये १२.५. कितीही पिढ्या केल्या तरी ‘म’चा लवकरपणा पक्का होणार नव्हता, प्रत्येक पिढीत तो आणखी थोड्या झाडांपुरता उरला असता.

टीएचसीबद्दलही एक गैरसमज इथे दूर झाला. मालकांना वाटले की काही झाडे ‘गांजाकडे झुकली’. तसे नव्हते. टीएचसी की सीबीडी हे ठरवणाऱ्या जनुकाच्या जागी ‘म’च्या दोन्ही प्रती सीबीडीच्याच होत्या, त्यामुळे एस-१मध्ये तिथे फुटण्यासारखे काहीच नव्हते. सीबीडी बनवणारे विकर (एन्झाइम) थोडे टीएचसीही गळू देते. साधारण २५ भाग सीबीडीमागे एक भाग. सीबीडी ७ टक्के असेल तर टीएचसी ०.२८ आणि १० टक्के झाला तर ०.४. झाड जास्त पिकले की मर्यादा ओलांडते, मग ते कितीही शुद्ध असो. वेगवेगळ्या झाडांचे गुणोत्तर तपासले तेव्हा सगळीकडे तेच आले. नापास होण्याचे कारण फुलण्याच्या वेळा विखुरल्या, एवढेच.

समोरचे पर्याय

पुन्हा कलमांकडे जायचे, प्रत्येक मातृरोपाची व्हायरॉइड तपासणी करून. सुरक्षित पण महाग. आणि मूळ अडचण जशीच्या तशी.

बाहेरून तयार बी घ्यायचे. यात ‘म’च हातचे जाणार होते.

एस-१चेच बी ठेवायचे आणि प्रोट्रेमध्येच भेसळ काढायची. रोपे १८ तास उजेडात चार-पाच आठवडे ठेवली की aa रोपांच्या शेंड्यांवर पांढऱ्या स्त्रीकेसरांचे झुपके दिसतात, ती उपटायची. पाव रोपे फुकट जातात, आणि उरलेल्यांत एक तृतीयांश AA म्हणजे उशिराची राहतात. ती डोळ्याने ओळखू येत नाहीत. मार्कर (डीएनए) तपासणी शक्य आहे, पण विक्रीच्या प्रत्येक रोपाला ती लावायची तर भाव कलमाच्या वर जातो.

चौथा पर्याय वेळखाऊ: स्वपरागणाने दोन वेगळ्या ओळी करायच्या, एक AA आणि एक aa, आणि त्यांचा संकर विकायचा. संकरातले प्रत्येक झाड Aa, म्हणजे प्रत्येक झाड ‘म’सारखे लवकर येणारे.

मालकांनी पुढच्या हंगामासाठी तिसरा आणि त्याच वेळी चौथा, असे दोन्ही धरले. तिसरा पर्याय तात्पुरता म्हणूनही आम्हाला पटत नाही. एक तृतीयांश उशिराची झाडे माहीत असून विकणे म्हणजे नमुना-कापणीची तीच कोंडी दुसऱ्या शेतकऱ्याच्या गळ्यात घालणे. त्यांनी तसे आधी सांगून, भाव कमी करून विकले, एवढी बाजू त्यांची.

दोन ओळींचे काम

इथे एक चूक महागात पडली. प्रोट्रेमधली aa रोपे ‘खराब’ म्हणून उपटून फेकली होती. आता संकराचा एक पालक तिथूनच हवा होता. सुदैवाने एस-१चे बी शीतपेटीत उरले होते. त्यातले ६४ बी पेरले, १५ ऑटोफ्लॉवर निघाली.

AA ओळीसाठी एस-१मधली जोमदार, दिवसमान पाळणारी झाडे निवडली. त्यांतले AA कोणते आणि Aa कोणते हे संततीवरून तपासले. प्रत्येक झाडाचे स्वपरागण करून एस-२चे १६ बी वीस तास उजेडात वाढवायचे. एकही ऑटोफ्लॉवर नाही निघाले तर पालक AA. सोळाच का, तर Aa झाडाच्या प्रत्येक बीची aa नसण्याची शक्यता तीन चतुर्थांश, आणि सोळाही बी तशी निघण्याची शक्यता एक टक्का. दहा-अकरा बियांवर थांबले तर चार ते सहा टक्के वेळा फसगत होते.

निवडीची दुसरी चाळणी नर फुलांची. झाडांना अंधाराच्या वेळी काही रात्री मुद्दाम उजेड दाखवला आणि काहींची कापणी दोन आठवडे लांबवली. ज्यांनी पुंकेसर काढले ती बाद. ताणाखाली आपणहून नर फुले काढणाऱ्या झाडाचा पराग गोळा करून बी करणे हा स्वपरागणाचा फुकटातला मार्ग आहे आणि तो टाळावा, कारण त्यात निवड नेमक्या नको त्या गुणाची होते. चांदीशिवाय जे नर फूल काढायला तयारच नाही, तेच झाड पालक म्हणून चांगले.

एस-२मध्ये स्वपरागणाची किंमत दिसली. काही कुटुंबांत पोपटी, फिकट रोपे. काहींत बी भरेना. काहींत पराग सुटेना, परागकोष चिमट्याने फोडावे लागले. बाराच्या सात ओळी उरल्या.

पुढे किती पिढ्या करायच्या, यावर दोन मते पडली. शेवटी दोन्ही ओळींना वेगळे उत्तर दिले गेले आणि आमच्या मते तेच योग्य होते. AA ओळ छाट कलमाने टिकवता येते, म्हणून ती एस-२वर थांबवली. जोम शिल्लक राहिला, बी भरपूर धरते, आणि तेच झाड वर्षानुवर्षे वापरता येते. aa ओळीचे कलम करून उपयोग नाही. कलमाचे वय मूळ झाडाचेच असते, ते मुळे धरताधरताच फुलते. ती फक्त बियाने टिकते, म्हणून तिचा एकसारखेपणा बियात असायला हवा. ती एस-३पर्यंत नेली.

aa ओळीत फवारणीचे वेळापत्रकही बदलावे लागले. ही झाडे उजेड बदलण्याची वाट पाहत नाहीत. पेरणीपासून अठराव्या दिवसाच्या सुमारास, फूल दिसण्याआधी, पहिली फवारणी आणि मग आठवड्याच्या अंतराने दोन. पहिल्या प्रयत्नात फूल दिसल्यावर सुरुवात केली होती. तेव्हा वरच्या शेंड्यांवरच थोडी नर फुले आली.

संकरात मादी कोण? aa झाडे लहान, बी मूठभर देतात. म्हणून AAची कलमे मोठी करून मादी केली आणि aa झाडे फवारून परागासाठी वापरली. दोन्हींची वेळ जुळावी म्हणून aaची पेरणी दहा-दहा दिवसांच्या अंतराने तीन टप्प्यांत झाली. जास्तीचा पराग सिलिका जेलवर वाळवून उणे २० अंशांवर ठेवला. डबी पूर्ण गरम होण्याआधी उघडली तर आत दव धरते आणि पराग मरतो. एक डबी अशी गेली.

निष्पत्ती

संकरित बियाची झाडे पहिल्या चाचणीत आठवडाभराच्या आत एकत्र फुलली. नमुना एकदाच घेतला, मर्यादेत आला आणि कापणी पावसाआधी आटोपली. झाडे ‘म’च्या कलमांपेक्षा थोडी बुटकी निघाली, त्यामुळे दोन झाडांतले अंतर कमी करावे लागले. पुंकेसर दाखवणारी झाडे मोजकी होती, पण शून्य नव्हती.

एक तक्रार आली. एका शेतकऱ्याने जुलैच्या मध्याला लावणी केली. Aa झाडे लवकर फुलतात, त्यामुळे ती पुरेशी वाढायच्या आतच फुलांवर गेली. आता बियाण्याबरोबर जूनच्या मध्याआधी लावणीची सूचना जाते. शिवाय हे बी घरी धरून पुन्हा वापरू नये, हेही लिहून दिले जाते, कारण संकराच्या पुढच्या पिढीत तेच १:२:१ परत येते.

काय वेगळे करता आले असते

विकण्याआधी एस-१चे वीस-पंचवीस बी एका ट्रेमध्ये वीस तास उजेडात सहा आठवडे ठेवले असते तर ऑटोफ्लॉवर तिथेच दिसले असते. एका ट्रेच्या खर्चात. त्याहीआधी, ‘म’ इतके लवकर का फुलते हा प्रश्न कोणी विचारायला हवा होता. शेजारच्या सगळ्या वाणांपेक्षा वेगळे वागणारे झाड विषमयुग्मी असण्याची शक्यता गृहीत धरूनच चालावे.

बाद केलेल्या प्रत्येक गटाचे थोडे बी ठेवावे. पालकांची कलमे स्वपरागणाच्या आधी काढून, व्हायरॉइड तपासून, वेगळ्या खोलीत ठेवावीत. इथे AA ओळीचे एक चांगले झाड फवारणीनंतर खंगले आणि त्याची दुसरी प्रत नव्हती.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली परवान्याशिवाय हे झाड लावणे गुन्हा आहे. कायदा सरकारला तंतू, बी किंवा बागायती कामासाठी परवानगी देण्याची मुभा देतो आणि उत्तराखंडाने औद्योगिक हेम्पसाठी असे परवाने दिले आहेत. इथे वर्णिलेली फुलांची शेती त्या चौकटीत बसत नाही. बीजोत्पादकांना मात्र पद्धत ओळखीची वाटेल. फक्त मादी फुले देणाऱ्या काकडीच्या ओळी चांदीच्याच फवारणीने नर फुले आणून स्वपरागणाने टिकवल्या जातात. तिथेही प्रश्न तोच येतो: पुढच्या पिढीत न्यायचा गुण एकाच प्रकारच्या दोन प्रतींतून येतो की दोन वेगळ्या प्रतींच्या जोडीतून? पहिला असेल तर स्वपरागण करावे. दुसरा असेल तर दोन ओळींची तयारी पहिल्याच हंगामात सुरू करावी.